मायक्रोवेव्हचे ध्रुवण बदलणारा मेटासरफेस प्रयोगशाळेत कसा बनवावा

मेटामटेरियलचा, म्हणजे तरंगलांबीहून लहान आकारांच्या रांगांनी लहरींना वळवणाऱ्या कृत्रिम पदार्थांचा (मेटासरफेस हे त्यांचे पातळ, सपाट रूप) विषय निघाला की तांब्याचे नक्षीदार आकार डोळ्यांसमोर येतात आणि विद्यार्थी थेट त्यांचीच नक्कल करायला बसतात. ध्रुवण, म्हणजे लहरीचे विद्युतक्षेत्र ज्या दिशेत डोलते ती दिशा, नेमके कशामुळे बदलते हे स्वतः मोजून पाहिल्याशिवाय त्या आकारांकडे वळू नये, असे माझे ठाम मत आहे. प्रयोगशाळेत 10 गिगाहर्ट्झचा मायक्रोवेव्ह बेंच, दोन हॉर्न अँटेना आणि डिटेक्टर असेल, तर तांब्याची चिकटपट्टी, थर्माकोल आणि ॲल्युमिनियमचा पत्रा एवढ्यावर काम भागते. चवथीच्या मखरातून उरलेला थर्माकोलही चालेल, कारण या लहरींच्या दृष्टीने तो जवळजवळ हवेसारखाच असतो.

10 गिगाहर्ट्झची तरंगलांबी 30 मिलिमीटर आहे. साधारण 30 सेंटिमीटरच्या चौकोनी थर्माकोलवर 1 मिलिमीटर रुंदीच्या पट्ट्या 2 मिलिमीटरचे अंतर सोडून समांतर चिकटवाव्यात. एवढ्या दाट रांगेत लहरीला सुटी पट्टी जाणवत नाही. दिशेनुसार वेगळे वागणारा एकसंध पृष्ठभाग जाणवतो. चिकटपट्टी मागच्या कागदासकट पोलादी पट्टीच्या आधाराने कापावी, नाहीतर कडा मुरडतात आणि शेजारच्या पट्टीला टेकतात. चौकोन याहून लहान ठेवल्यास कडांवरून वळणाऱ्या लहरी मापन बिघडवतात.

आता पट्ट्यांची ही जाळी, पट्ट्यांची बाजू ॲल्युमिनियमच्या पत्र्याकडे करून, पत्र्यासमोर उभी करावी आणि पट्ट्या लहरीच्या विद्युतक्षेत्राशी 45 अंशांत ठेवाव्यात. क्षेत्राचा पट्ट्यांना समांतर घटक जाळीवरूनच परततो. लंब घटक जाळीतून आरपार जाऊन पत्र्यावरून परततो आणि जाळी-पत्रा अंतराच्या दुप्पट जास्त प्रवास करतो. हे अंतर पाव तरंगलांबी, म्हणजे 7.5 मिलिमीटर असेल, तर दोन घटकांत 180 अंशांचे कलांतर (डोलण्यातील मागेपुढेपणा) पडते आणि ध्रुवणाची पातळी 90 अंशांनी वळते. 3.75 मिलिमीटरला कलांतर 90 अंश होऊन परतणारी लहर वर्तुळाकार ध्रुवित होते, म्हणजे तिचे विद्युतक्षेत्र गोल फिरत राहते, तर 15 मिलिमीटरला ध्रुवण पुन्हा मूळचेच राहते. जाळी 45 ऐवजी 30 अंशांत ठेवून अंतर 7.5 मिलिमीटरच ठेवले, तर पातळी 60 अंशांनी वळते. जाळीची स्वतःची थोडी धारिता (विद्युतभार साठवण्याची क्षमता) असल्यामुळे ही अंतरे किंचित सरकतात. म्हणून पत्रा सरकत्या स्टँडवर बसवून योग्य जागा डिटेक्टरवर पाहूनच ठरवावी.

मापनासाठी दोन्ही हॉर्न शेजारी शेजारी, जाळीपासून अर्धा मीटर दूर आणि शक्य तितक्या लहान कोनात ठेवावेत. ग्राहक हॉर्न स्वतःच्या अक्षाभोवती 10-10 अंशांनी फिरवत नोंदी घ्याव्यात. रेषीय ध्रुवणात वाचन कोज्येच्या वर्गाप्रमाणे चढते-उतरते. वर्तुळाकार ध्रुवणात ते जवळजवळ स्थिर राहते. कमाल आणि किमान शक्तीतील फरक 3 डेसिबलच्या आत आला, तर व्यवहारात ते वर्तुळाकार ध्रुवण मानतात.

गोव्यातल्या पावसाळ्यात जाळी आणि पत्रा यांच्यामध्ये पुठ्ठा किंवा लाकूड वापरणे टाळावे, कारण ओलावा शोषलेला पदार्थ या वारंवारितेला लहरीची कला तर बदलतोच, शिवाय तिची शक्तीही खातो. समुद्राच्या खाऱ्या हवेत तांबे लवकर काळवंडते. त्यावर पारदर्शक लाखेचा पातळ थर द्यावा.

हे जमल्यावरच छापील सर्किट बोर्डाकडे जावे. तिथे हवेच्या फटीचे काम मागे तांब्याचा सलग थर असलेल्या बोर्डावर 45 अंशांत कललेले, अनुनादी तांब्याचे तुकडे करतात, त्यामुळे जाडी बरीच कमी होते. पण वारंवारितेचा पट्टा सहसा अरुंद होतो आणि साध्या एफआर-4 (काचतंतू आणि इपॉक्सीच्या) बोर्डात शक्तीचा ऱ्हासही जाणवतो.

वर्तुळाकार लहर उजवी की डावी, हे रेषीय हॉर्न कधीच सांगू शकत नाही. जाळी दुसऱ्या कर्णाकडे झुकवली की लहरीची फिरण्याची दिशा उलटते, आणि हा बदल पाहण्यासाठी ग्राहकाच्या जागी ज्ञात दिशेचा हेलिकल (स्प्रिंगसारख्या वेटोळ्याचा) अँटेना लावावा लागतो.