पाय हलला म्हणजे उंदीर चालला असं नाही! स्पायनल कॉर्ड इंज्युरीनंतर (मज्जारज्जूच्या इजेनंतर) उंदराच्या चालीचं स्कोअरिंग करताना या चुका टाळा

बडोद्यात माझ्याकडे जी नवीन पोरं उंदरांवर स्पायनल कॉर्ड इंज्युरीचं काम शिकायला येतात त्यांना पहिल्यांदा हेच सांगते की बाबांनो, औषधाने फरक पडला असं म्हणायच्या आधी आपण नेमकं काय बघितलं ते तपासा.

सुरुवात स्कोअरिंगच्या फॉर्मपासून. बीबीबी स्केल, म्हणजे मागच्या पायांच्या हालचालीला गुण द्यायची पद्धत, १९९५ ची, ० ते २१, ती रॅटसाठी (मोठ्या उंदरासाठी) आहे. माउससाठी (छोट्या उंदरासाठी) २००६ मध्ये संशोधक बासो आणि त्यांच्या टीमने वेगळी स्केल काढली, बीएमएस, ० ते ९. कुणाच्या तरी जुन्या थीसिसमधून रॅटचा फॉर्म उचलून माउसला लावायचा नाही.

आता खरी गडबड कुठे होते तर बीएमएसच्या खालच्या स्कोअरमध्ये. घोटा अजिबात हलत नाही तर ०, अर्ध्यापेक्षा कमी वाकतो तर १, जास्त वाकतो तर २. पण उंदीर पुढच्या पायांनी स्वतःला ओढत जातो ना, तेव्हा मागचे पाय जमिनीला घासून आपोआप हलतात, आणि नवीन माणूस खुशाल २ लिहून मोकळा होतो. ती हालचाल पायाची नाहीच, ओढण्याची आहे. उंदीर थांबला की घोट्याकडे बघा. तसंच ३ आणि ४ चं. तळवा टेकला, त्यावर वजन आलं, पाय उचलून पुढे गेला आणि परत तळवा टेकून वजन घेतलं, एवढं सगळं झालं तर ते एक प्लँटर स्टेप. पंजा उलटा पडत असेल, म्हणजे वरची बाजू जमिनीला, आणि एकही प्लँटर स्टेप नसेल तर तो कितीही झपाझप पळू दे, ३ च, ४ नाही. हे उभं राहून वरून दिसत नाही हो, डोळे फरशीच्या लेव्हलला आणा, गुडघे दुखले तरी चालेल.

एखादा उंदीर सकाळी अचानक पाय झटकायला लागला तर आनंदाने नाचू नका, आधी ब्लॅडर बघा. इंज्युरीनंतर त्याला स्वतःहून लघवी करता येत नाही, आपल्यालाच पोट दाबून काढावी लागते, आणि ब्लॅडर भरलेलं असलं की स्पॅझममुळे पाय हलतात. टेस्टच्या आधी ब्लॅडर रिकामं करायचं, दर वेळी, सगळ्या ग्रुपचं. पेनकिलरचंही तेच, ब्युप्रेनॉर्फिनने माउस उगाचच फिरत सुटतो, म्हणून डोस आणि टेस्टमधलं अंतर सगळ्यांना सारखं ठेवा.

उंदीर चार मिनिटं कोपऱ्यात गप्प बसून राहतो? मग त्याला सर्जरीच्या आधी ओपन फील्डची (टेस्टसाठी सोडतो त्या मोकळ्या जागेची) सवयच लावलेली नसणार. आणि ही सवय लावायचं काम नवरात्रात काढू नका, बाहेर गरब्याच्या स्पीकरची धडधड ॲनिमल हाऊसपर्यंत येते आणि बिचारे दचकून बसतात. (गरबा खेळायला जा की, काम आठवडाभर थांबेल.)

बघणारे दोघं हवेत, आणि कुठला उंदीर कुठल्या ग्रुपचा हे दोघांनाही माहीत नको. पिंजऱ्याच्या कार्डावर औषधाचं नाव लिहिलेलं असेल तर ब्लाइंडिंग कसलं डोंबलाचं!

कॅटवॉक मशीन (चालताना पायांचे ठसे टिपणारं) आहे म्हणून पहिल्या आठवड्यापासून सगळ्यांना त्यावर चालवायची घाई असते, पण वजनच घेत नसलेल्या पायाच्या ठशातून काय मिळणार? आणि ठसे यायला लागले की स्पीड बघा, कारण स्ट्राइडची (एका पावलाच्या टप्प्याची) लांबी वगैरे बरेचसे आकडे स्पीडबरोबर बदलतात, हळू चाललेला आणि जोरात चाललेला उंदीर थेट एकमेकांसमोर ठेवता येत नाही.

आकडेमोडीत दोन गोष्टी. डावा आणि उजवा पाय वेगवेगळा स्कोअर करा पण एन (एकूण नमुने) मोजताना उंदीर एकच, दोन पाय म्हणजे दोन उंदीर नव्हेत. शिवाय २ वरून ३ आणि ६ वरून ७ ही उडी सारखी नसते, ही ऑर्डिनल (फक्त क्रम सांगणारी) स्केल आहे, म्हणून डोळे झाकून टी-टेस्ट (दोन ग्रुपच्या सरासरीची तुलना) मारू नका.

आणि जोरदार थोरॅसिक कंट्युजन (छातीच्या भागातल्या मज्जारज्जूला मुका मार) दिलंय आणि दुसऱ्याच दिवशी कुणी ४ वर दिसला, तर इंज्युरी नीट बसली नाही असं समजा. त्याला काढायचं की ठेवायचं याचा नियम सर्जरीच्या आधीच वहीत लिहून तारीख टाकून ठेवा, सहा आठवड्यांनी ग्राफ बघून नाही.