पासबुकातली ४३६ रुपयांची नोंद

घरातलं माणूस गेलं की दिवसकार्यात बारा-तेरा दिवस कसे जातात कळत नाही. पण मृत्यूची नोंद त्यातच उरका. २१ दिवसांत केली तर फी नाही. आपल्या कर्नाटकात दाखला कानडी-इंग्रजीत येतो, म्हणून नावाचं स्पेलिंग आधारशी तिथंच ताडून बघा. पुढं सगळं त्यावरच अडतं.

संध्या सुरक्षाची (राज्य सरकारची म्हातारपणाची) पेन्शन गेलेल्याच्या खात्यात येत राहिली तरी एटीएमनं काढू नका, नाडकचेरीत, म्हणजे तालुक्याखालच्या महसूल कचेरीत, कळवा. नाहीतर परत भरायची पाळी येते.

आणि पासबुक चाळाच! गेलेलं माणूस पंचावन्नच्या आतलं असेल आणि मे-जूनला ४३६ रुपये कापलेले दिसले, तर तो केंद्र सरकारचा जीवनज्योती विमा. वारसाला २ लाख मिळतात. बँक आपणहून सांगेल याच्या भरवशावर राहू नका.