काउंटीतल्या नॉनप्रॉफिटला देणगी द्यायची आहे? आधी हे तपासा

अमेरिकेत आपल्या काउंटीत कोणत्या सेवाभावी संस्था खरोखर काम करतात हे शोधायला सर्च इंजिनपेक्षा २११ बरा. हा तीन आकडी नंबर मदत हवी असलेल्यांसाठी आहे, पण त्यामागची यादी देणाऱ्यालाही बघता येते. बहुतेक ठिकाणी २११ च्या वेबसाइटवर झिप कोड टाकला की फूड पॅन्ट्री (गरजूंना किराणा वाटणाऱ्या जागा), निवारे, भाड्यासाठी मदत करणारे, ज्येष्ठांना घरपोच जेवण देणारे असे सगळे विभागवार दिसतात. दुसरी जागा म्हणजे कम्युनिटी फाउंडेशन, म्हणजे देणग्या गोळा करून स्थानिक संस्थांना अनुदान देणारी संस्था. अशी पहिली संस्था १९१४ मध्ये क्लीव्हलंडला निघाली, आता बऱ्याच काउंट्यांत एखादी तरी असते. तिने यंदा कोणाला अनुदान दिले ती यादी काढा. त्या संस्थांचे कागद कोणीतरी आधीच चाळलेले असतात, म्हणजे अर्धे काम झाले.

नाव मिळाले की लगेच कार्ड काढू नका. आधी संस्थेचे कायदेशीर नाव आणि ईआयएन, म्हणजे नऊ आकडी करक्रमांक, मागून घ्या. होप, हेल्पिंग, हँड्स, केअर हे शब्द इतक्या नावांत असतात की नुसत्या नावावरून भलत्याच संस्थेला पैसे जातात, आणि ठगांनाही तेच हवे असते. हा क्रमांक आयआरएसच्या (केंद्रीय कर खात्याच्या) टॅक्स एक्झेम्प्ट ऑर्गनायझेशन सर्चमध्ये टाका. ५०१(सी)(३) म्हणजे करमाफ धर्मादाय संस्थेचा दर्जा आहे का, देणगी तुमच्या आयकरात वजावटीला पात्र आहे का, जुनी रिटर्न्स काय सांगतात, हे सगळे तिथे फुकट दिसते. ५०१(सी)(४) दिसले तर थांबा. ती संस्था नफा कमावत नसेलही, पण तिला दिलेल्या देणगीवर सहसा वजावट मिळत नाही.

आयआरएसच्या यादीत नाव नाही म्हणून संस्था बोगस असे लगेच ठरवू नका. चर्च, देवळे, मशिदी यांना नोंदणीचा अर्ज करण्याची सक्तीच नाही. एखाद्या राष्ट्रीय संस्थेची स्थानिक शाखा मुख्य संस्थेच्या गट-मान्यतेखाली चालत असेल, तर तिचे नाव वेगळे दिसत नाही. अगदी लहान गट दुसऱ्या संस्थेच्या छत्राखाली काम करतात. तिला फिस्कल स्पॉन्सर म्हणतात, आणि अशा वेळी चेक स्पॉन्सरच्या नावाने लिहून चेकवरच्या मेमोच्या ओळीत प्रकल्पाचे नाव टाकायचे असते. चौथे कारण मात्र गंभीर: सलग तीन वर्षे रिटर्न भरले नाही तर करमाफी आपोआप रद्द होते. स्वयंसेवकांवर चालणाऱ्या संस्थेत खजिनदार बदलतो, वर्षाचे छोटेसे ई-रिटर्न भरायचे असते हे नव्याला कोणी सांगत नाही, आणि तिसऱ्या वर्षी नाव कटते. यात लबाडी असतेच असे नाही. दर्जा परत मिळवता येतो, पण तोवर मोठी रक्कम देऊ नये.

राज्याची नोंदणी वेगळी असते. बहुतेक राज्यांत देणग्या मागण्याआधी ॲटर्नी जनरल किंवा सेक्रेटरी ऑफ स्टेटकडे नोंद करावी लागते. कॅलिफोर्नियात ‘डेलिंक्वंट’ असा शेरा असलेल्या संस्थेला देणग्या मागण्याची परवानगीच नसते. राज्याच्या वेबसाइटवर हे दोन मिनिटांत कळते.

आता फॉर्म ९९०, म्हणजे संस्थेने दरवर्षी आयआरएसला द्यायचे रिटर्न. संस्थेचा खरा चेहरा इथे दिसतो. वर्षाला ५०,००० डॉलरपर्यंत जमा असलेल्या संस्था फक्त ९९०-एन भरतात. त्यात आकडे जवळजवळ नसतातच, म्हणून त्यांच्याकडे जमाखर्च थेट मागा. जमा २ लाखांच्या आत आणि मालमत्ता ५ लाखांच्या आत असेल तर ९९०-ईझेड चालतो, त्यावर गेले की पूर्ण ९९०. पूर्ण फॉर्म लांबलचक असतो. सगळा वाचायची गरज नाही, पण या जागा चुकवू नका.

भाग ६ मधली ओळ ५. संस्थेच्या पैशाचा किंवा मालमत्तेचा मोठा अपहार वर्षभरात लक्षात आला का, असा सरळ प्रश्न आहे. उत्तर ‘हो’ असेल तर शेड्यूल ओ या पुरवणीत खुलासा वाचा. खुलासा नीट असेल, चोरी पकडून पुढचे उपाय केलेले असतील, तर लपवणाऱ्या संस्थेपेक्षा ही बरी. त्याच भागात ओळ २ वर पदाधिकाऱ्यांत आपसांत नातेसंबंध किंवा धंद्याचे संबंध आहेत का ते कळते. नवरा अध्यक्ष, बायको पगारी संचालक आणि बोर्डावर एकूण तिघेच, असे असेल तर हिशोब कोण तपासतो ते विचारा.

भाग ९ मध्ये खर्चाचे तीन वाटे दिसतात: प्रत्यक्ष काम, व्यवस्थापन, निधी उभारणी. लोक इथे टक्केवारी काढतात आणि व्यवस्थापनावर कमीत कमी खर्च करणाऱ्याला शाबासकी देतात. हा निकष फसवा आहे. हिशोबनीस ठेवला नाही की व्यवस्थापन खर्च कमी दिसतो, आणि मग रिटर्न भरायचे राहून जाते.

त्यापेक्षा गंगाजळी बघा. भाग १० मधल्या ओळ २७ वर दात्याची अट नसलेली निव्वळ मालमत्ता असते. तिच्यातून इमारत व सामानाची किंमत (ओळ १०सी) वजा करा, इमारतीवर कर्ज असेल तर तेवढी रक्कम पुन्हा बेरजेत धरा, आणि उरलेल्या रकमेला महिन्याच्या खर्चाने भागा. समजा, वर्षाचा खर्च ६ लाख, म्हणजे महिन्याला ५०,०००. ओळ २७ वर ४ लाख दिसतात, पण त्यातली ३.५ लाखांची बिनकर्जाची इमारतच आहे. हाती उरले ५०,०००, म्हणजे एका महिन्याचा श्वास. तीन ते सहा महिन्यांची शिल्लक असावी. दोन वर्षांच्या वर असेल तर कशासाठी साठवताहेत ते विचारा. उत्तर बहुधा असते.

स्थानिक संस्थांची खरी अडचण इथेच असते. काउंटीचे करार बहुतांशी परतफेडीचे असतात: संस्थेने आधी पगार द्यायचे, पावत्या जोडायच्या, काउंटीकडून पैसे नंतर येणार. भाग ८ मध्ये ओळ १ई वर सरकारी अनुदानाचा मोठा आकडा दिसतो आणि वाटते, यांना आपल्या शंभर डॉलरांची काय गरज? नेमकी यांनाच असते, कारण तो मोठा आकडा हातात येईपर्यंत वीजबिल कोणीतरी भरायचे असते. म्हणून देणगीला अट घालू नका. ‘फक्त मुलांच्या दप्तरांसाठी’ असे लिहिलेत की तो पैसा दप्तरांतच अडकतो. वर्षाअखेरीस एकदा ३०० देण्यापेक्षा दरमहा २५ दिलेले त्यांना सोयीचे, कारण डिसेंबरात देणगीदार पुष्कळ असतात, जुलैत नसतात.

पैसे देण्याच्या पद्धतीतही फरक पडतो. कार्डावर दोन-तीन टक्के कापले जातात. मोठी रक्कम चेकने द्या. तुमच्या कंपनीची मॅचिंग योजना (तुमच्या देणगीत कंपनीही भर घालते ती) असेल तर आधी तिच्या पोर्टलवर संस्था आहे का बघा. लहान संस्था बऱ्याचदा तिथे नोंदलेल्या नसतात, आणि नोंदणीला वेळ लागतो. वर्षाहून जास्त काळ ठेवलेले, भाव वाढलेले शेअर असतील तर विकून पैसे देऊ नका, शेअरच द्या. भांडवली नफ्याचा कर वाचतो. मात्र पॅन्ट्रीकडे ब्रोकरेज खाते कुठून असणार? अशा वेळी कम्युनिटी फाउंडेशनमधल्या डोनर-ॲडव्हाइज्ड फंडातून (ज्यातले पैसे कोणाला द्यायचे ते दाता सुचवतो) रक्कम पुढे पाठवता येते.

एका वेळी २५० डॉलर किंवा जास्त दिले तर नुसते बँक स्टेटमेंट चालत नाही, संस्थेचे पत्र लागते. त्यात रक्कम हवी, आणि मोबदल्यात काही दिले की नाही याचे वाक्य हवे. त्या एका वाक्याअभावी वजावट नाकारल्याची प्रकरणे टॅक्स कोर्टात झाली आहेत. पत्र रिटर्न भरण्याआधी हातात पाहिजे. निधी उभारणीच्या समारंभाचे (‘गाला’) तिकीट २०० चे आणि जेवण ७० चे असेल तर वजावट १३० ची. २०२६ पासून स्टँडर्ड डिडक्शन (सरसकट ठरलेली वजावट) घेणाऱ्यांनाही १,००० डॉलरपर्यंत, जोडप्याला एकत्र रिटर्नवर २,००० पर्यंत, रोख देणगीची वजावट आहे. डोनर-ॲडव्हाइज्ड फंडात टाकलेले पैसे त्यात धरत नाहीत.

वस्तू देताना चुका जास्त होतात. फूड बँक म्हणजे गोदाम आणि पॅन्ट्री म्हणजे तिथून माल आणून कुटुंबांना वाटणारी जागा. घरच्या दोन पिशव्या पॅन्ट्रीतच न्या. मोठ्या पोत्यातली तूरडाळ झिपलॉकमध्ये भरून नेली तर परत येईल किंवा मागे कचऱ्यात जाईल, कारण पाकिटावर घटक आणि ॲलर्जीची माहिती नसते. न उघडलेली एक-दोन पौंडांची, इंग्रजी लेबलची पाकिटे न्या. घरी केलेले जेवण सहसा घेत नाहीत. ‘बेस्ट बाय’ तारीख नुकतीच उलटलेले डबे काही ठिकाणी चालतात, पण तारीख उलटलेली बेबी फॉर्म्युला कुठेच नाही. डायपरचा ४ ते ६ मापांचा तुटवडा नेहमीचा. लोक नवजात बाळांचेच आणतात.

वेळ द्यायचा असेल तर फोन करून शिफ्ट ठरवा, अचानक जाऊन उभे राहू नका. मुलांसोबत काम करायचे असेल तर बोटांचे ठसे आणि पार्श्वभूमी तपासणी होते, त्याला काही आठवडे धरा. एच-१बी (नोकरीच्या) किंवा एच-४ (त्याच्या कुटुंबीयांच्या) व्हिसावर असाल तर एक सावधगिरी: डाळ-तांदूळ वाटणे, झाडे लावणे ही कुठलाही स्वयंसेवक करतो ती कामे ठीक. पण संस्थेची वेबसाइट चालवणे किंवा हिशोब सांभाळणे, ज्यासाठी एरवी पगारी माणूस ठेवतात, ते फुकट केले तरी अनधिकृत नोकरी ठरू शकते. आधी इमिग्रेशन वकिलाला विचारा. दिलेल्या तासांची वजावट मिळत नाही. गाडीने गेलात तर मैलाला १४ सेंट वजावट मिळते, पण त्यासाठी आयटमाइज करावे (सरसकट वजावटीऐवजी एकेक खर्च दाखवावा) लागते आणि तारीखवार नोंद ठेवावी लागते.