सॅन फ्रान्सिस्कोला रेल्वेने जाताय? मग या चुका टाळा

शिकागोहून निघालेली कॅलिफोर्निया झेफिर दोन रात्री काढून, सुमारे ३,९०० किलोमीटर कापून जवळजवळ ५२ तासांनी पश्चिम किनाऱ्याजवळ येते. रॉकी पर्वत झाले, सिएरा नेवाडा झाला, आता दीड दिवसात सॅन फ्रान्सिस्को उरकू, असं म्हणत आपण बॅगा उतरवतो. पण आपण सॅन फ्रान्सिस्कोत उतरलेलोच नसतो.

गाडी संपते एमरीव्हिलला, खाडीच्या अलीकडे. शहर पाण्यापलीकडे आहे आणि तिथवर या गाडीचे रूळ जात नाहीत. ही गाडी चालवणाऱ्या अ‍ॅमट्रॅक कंपनीची जोडबस खाडीवरच्या बे ब्रिजवरून शहरात नेते, पण त्यासाठी तिकीट काढतानाच शेवटचं ठिकाण 'सॅन फ्रान्सिस्को' निवडायचं. नुसतं एमरीव्हिल निवडलंत तर पुढची सोय तुमची तुम्ही. बार्ट ही तिकडची लोकल एमरीव्हिल स्टेशनाला लागून नाही. ती रेल्वेला भेटते ते एक स्टेशन आधी, रिचमंडला. थोडकंच सामान असेल तर तिथे उतरून बार्टने थेट शहराच्या मध्यातल्या पॉवेल स्ट्रीटपर्यंत जाता येतं. मात्र ही युक्ती झेफिरवाल्यांसाठी. लॉस एंजेलिस-सिएटल धावणारी कोस्ट स्टारलाइट रिचमंडला थांबत नाही.

पोचण्याच्या दिवसासाठी कशाचंही ठरलेल्या वेळेचं तिकीट काढू नका. रूळ बहुतेक ठिकाणी मालगाड्यांच्या कंपन्यांचे, त्यामुळे दोन दिवसांच्या प्रवासात काही तासांचा उशीर होणं नवं नाही. अल्काट्राझ बेटावरच्या जुन्या तुरुंगाची तिकिटं आधीच संपतात म्हणून लोक घाईने मिळेल ती वेळ घेतात आणि बोट सुटते तेव्हा स्वतः डोंगरात कुठेतरी असतात. दुसऱ्या दिवसाची वेळ घ्या. बोट पियर ३३ या धक्क्यावरून सुटते. खाडीत फिरवणाऱ्या बाकीच्या बोटी बेटाला नुसता वळसा घालून येतात, उतरवत नाहीत, हेही पैसे देण्याआधी बघा.

नकाशा सपाट असतो

ही माझी स्वतःची चूक, त्यामुळे जरा सविस्तर सांगतो. आमचा मुक्काम वॉशिंग्टन स्क्वेअरजवळ होता. आठ वळणांचा तो प्रसिद्ध लोम्बार्ड रस्ता मोबाइलवर किलोमीटरभरसुद्धा दिसेना. 'नाश्त्याआधी जाऊन येऊ,' असं मी जाहीर केलं आणि फिल्बर्ट स्ट्रीटने नाकासमोर निघालो. लेव्हनवर्थच्या कोपऱ्यावर बायको खांबाला धरून उभी राहिली. वर बघत म्हणाली, "अहो, हा रस्ता आहे की भिंत?"

तिचं काही चुकलं नव्हतं. तिथून हाइड स्ट्रीटपर्यंतचा तुकडा शहरातल्या सगळ्यात उभ्या रस्त्यांपैकी एक. चढ ३१.५ टक्के, म्हणजे शंभर फूट पुढे सरकलं की साडेएकतीस फूट वर. फुटपाथलाही पायऱ्या पाडल्या आहेत. दोन दिवस बसून आखडलेल्या पोटऱ्यांनी आम्ही कसेबसे वर पोचलो, तर तिथे हाइडवर केबल कारमधून, म्हणजे रस्त्याखालच्या दोराने ओढल्या जाणाऱ्या गाडीतून, उतरलेली मंडळी टवटवीत चेहऱ्याने फोटो काढत होती.

उपाय सोपा आहे: चढ वाहनाने, उतार पायी. पॉवेल-हाइड मार्गाची केबल कार तुम्हाला लोम्बार्डच्या माथ्याशी सोडते, तिथून वळणांच्या कडेने खाली या. टेलिग्राफ हिलवरच्या कॉइट टॉवरलाही हाच नियम. वॉशिंग्टन स्क्वेअरवरून ३९ नंबरची बस पकडून वर जा आणि परतताना पूर्वेकडच्या फिल्बर्ट पायऱ्यांनी बागांमधून खाली समुद्राकडे उतरा. गुडघे कुरकुरत असतील तर मात्र उतारही बसनेच. आणि हॉटेल निवडताना नुसतं अंतर बघू नका, रस्त्याचे फोटो बघा. चाकांची बॅग चढावर ओढणं एकवेळ जमेल, उतारावर तीच आपल्याला ओढते.

केबल कारची रांग

पॉवेल आणि मार्केट स्ट्रीटच्या कोपऱ्यावर, जिथे गाडी हाताने ढकलून फिरवतात, तिथे तास-तासभर रांगेत उभे राहणारे लोक बघून वाईट वाटतं. मार्ग तीन आहेत. कॅलिफोर्निया स्ट्रीटच्या मार्गावर सहसा बरीच कमी गर्दी असते आणि नॉब हिलचा चढ तिथेही भरपूर आहे. सुटं तिकीट साध्या बसच्या दुपटीहून महाग पडतं, त्यामुळे दोन-तीनदा बसायचं असेल तर एक किंवा तीन दिवसांचा पास हिशेबात बसतो.

१८७३ पासून चाललेल्या या गाडीत इंजिन नसतं. रस्त्याखालून तासाला साधारण १५ किलोमीटर वेगाने सतत दोर पळत असतो आणि चालक मोठ्या दांड्याने तो चिमट्यात पकडतो किंवा सोडतो. मेसन आणि वॉशिंग्टनच्या कोपऱ्यावरच्या संग्रहालयात ते दोर ओढणारी अजस्र चाकं फिरताना दिसतात, आणि प्रवेश फुकट. समुद्रकाठच्या एफ मार्गावरच्या रंगीत जुन्या गाड्या म्हणजे केबल कार नव्हेत. त्या विजेच्या ट्राम. अनेक जण त्यात बसून खूश होतात, ते ठीकच.

जुलैत स्वेटर

कॅलिफोर्निया म्हणून हाफ पँट घालून येणारे संध्याकाळी दुकानात जाकीट शोधताना दिसतात. उन्हाळ्यात आतली दरी तापते, थंड समुद्रावरची हवा गोल्डन गेटच्या सामुद्रधुनीतून आत ओढली जाते आणि सोबत धुकं येतं. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारीही पारा विशीच्या आसपासच. ऊब हवी असेल तर सप्टेंबर-ऑक्टोबर गाठा.

सकाळी धुक्यात गोल्डन गेट पूल दिसलाच नाही तर तिथेच कुडकुडत बसू नका. पूर्वेकडच्या मिशन भागात बऱ्याचदा ऊन असतं. तिकडे फिरा आणि दुपारी २८ नंबरच्या बसने पुलावर या. धुकं अनेकदा दुपारी विरतं आणि संध्याकाळी पुन्हा येतं, म्हणजे मधले तीन-चार तास आपले. १९३७ मध्ये खुला झालेला हा पूल पायी ओलांडायला पैसे पडत नाहीत, पण एक बाजू सुमारे पावणेतीन किलोमीटरची आहे आणि वारा कानात शिरतो. कानटोपी न्या, कोणी हसणार नाही.

परतीची झेफिर सकाळीच एमरीव्हिलहून सुटते आणि जोडबस त्याच्याही आधी शहरातून निघते. तिची नेमकी वेळ आणि थांबा आदल्या दिवशीच बघून ठेवा. आणि त्या रात्रीचा मुक्काम टेकडीखालीच करा.