साठ अंशांवरचं माझं प्रोजेक्ट

डिसेंबरातल्या एका पहाटे साखर कारखान्याच्या आवारात प्रेसमडच्या (उसाचा रस गाळून उरलेल्या गाळाच्या) लांबच लांब ढिगांपुढे उभी होते. आम्ही सगळे स्वेटर घालून, आणि ढिगांतून मात्र वाफा निघत होत्या. लांब दांड्याचा थर्मामीटर आत खुपसला तर 64 अंश. तिथे कोणी भट्टी लावलेली नव्हती. ती सगळी ऊब जिवाणूंच्या खाण्याची आणि श्वसनाची. अशा उष्णताप्रिय जिवाणूंवर आणि त्यांच्या एन्झाइमांवर (रासायनिक क्रिया घडवणाऱ्या प्रथिनांवर) एमएस्सीचं प्रोजेक्ट करायचं, हे मी त्याच क्षणी पक्कं केलं.

हा विषय घेणार असाल तर उकिरड्यापासून टेस्ट ट्यूबपर्यंत तापमान सांभाळावं लागतं. ते जिथे सुटतं तिथे काम फसतं. माझं पहिल्यांदा नमुना घेतानाच सुटलं. ढिगाच्या वरच्या थरातला मूठभर माल प्लॅस्टिकच्या पिशवीत आणला आणि जे वाढले ते कुठल्याही शेतातल्या मातीत मिळणारे बॅसिलस गटातले साधे जिवाणू. दुसऱ्या खेपेला हातभर आतला माल घेतला, ढिगाचं तापमान वहीत लिहिलं आणि गरम पाण्याने आधी तापवून घेतलेल्या थर्मासमधून आणला. ढीग उकरताना चांगल्या प्रतीचा मास्क लावाच. अ‍ॅस्परजिलस फ्युमिगॅटस या बुरशीचे बीजाणू आणि उष्णताप्रिय अ‍ॅक्टिनोमायसीट्स (धाग्यांसारखे वाढणारे जिवाणू) त्या धुळीत असतात. कुजलेल्या गवताच्या धुळीने शेतकऱ्यांना होणारा फुप्फुसाचा आजार याच मंडळींमुळे होतो.

पुढची लढाई प्लेटशी, म्हणजे जिवाणू वाढवायच्या बशीशी. 60 अंशांवर तिच्यातलं नेहमीचं दीड टक्क्याचं अगार (जेलीसारखा थर) रात्रीत वाळून तडकतं, नाहीतर झाकणावरचं पाणी ठिबकून सगळ्या कॉलन्या (वाढलेल्या जिवाणूंचे ठिपके) एकमेकींत मिसळतात. मी अगार तीन टक्के केलं, प्लेटा उलट्या ठेवून पिशवीत गुंडाळल्या आणि इनक्युबेटरच्या (ठरलेलं तापमान राखणाऱ्या कपाटाच्या) तळाशी पाण्याचा ट्रे ठेवला. जिओबॅसिलससारखे जिवाणू भराभर वाढतात, तेव्हा संध्याकाळी लावलेली प्लेट सकाळी बघायलाच हवी. शनिवारी लावून सोमवारी बघू म्हणाल तर हाती काही लागणार नाही.

कॉलनी दिसली की लगेच हुरळून जाऊ नका. प्रत्येक कॉलनी दोन प्लेटांवर रेघा, एक 37 अंशांवर ठेवा आणि एक 60 वर. दोन्हीकडे वाढली तर ती उष्णता सोसणारी, फक्त 60 वर वाढली तर खरी उष्णताप्रिय. माझ्याकडच्या 22 पैकी 5 च तशा निघाल्या.

मग एन्झाइम. अमायलेज (स्टार्च तोडणारं एन्झाइम) शोधायला स्टार्च अगारवर आयोडीन ओतायचं, स्टार्च असेल तिथे निळं होतं आणि एन्झाइमने तो तोडला असेल तिथे बिनरंगी वलय उरतं, हे बीएस्सीपासून सगळ्यांना पाठ असतं. पण प्लेट इनक्युबेटरमधून काढल्या काढल्या ओतलं तर फसाल, कारण स्टार्च-आयोडीनचा निळा रंग उष्णतेने फिका पडतो आणि नसलेली वलयं दिसू लागतात. प्लेट पूर्ण गार होऊ द्या. सेल्युलेज (सेल्युलोज तोडणारं एन्झाइम) शोधायला सीएमसी (सेल्युलोजचं विरघळणारं रूप) घातलेल्या अगारवर काँगो रेड हा रंग आणि नंतर मिठाच्या पाण्याने धुणं, ही पद्धत जास्त सोपी गेली. पुढे एन्झाइमने मोकळी केलेली साखर डीएनएस या रंग-चाचणीने मोजताना सब्स्ट्रेट (एन्झाइम ज्यावर काम करतं तो पदार्थ) आधीच तापवून घ्या, नळ्यांना घट्ट बूच लावा (70 अंशांवर बाष्पीभवनाने आकडे फुगतात) आणि एन्झाइम नसलेला ब्लँकही (तुलनेची नळी) त्याच तापमानाला तेवढाच वेळ ठेवा.

सगळ्यात जास्त वेळ माझा एका गैरसमजात गेला. दहा मिनिटांच्या चाचणीत माझं अमायलेज 75 अंशांवर सर्वाधिक काम करत होतं, म्हणून मी अहवालात ‘75 अंशांवर स्थिर’ असं लिहून टाकलं. मार्गदर्शक बाईंनी विचारलं, “तासभर ठेवून पाहिलंस का?” पाहिलं, तर अर्ध्याहून अधिक क्रिया गेली होती. वेग आणि टिकाव या दोन वेगळ्या गोष्टी. कॅल्शियम घातल्यावर टिकाव बराच सुधारला. अनेक अमायलेजांची घडी कॅल्शियममुळेच घट्ट राहते.

या टिकावाला एवढं महत्त्व का, ते पीईटी (पाण्याच्या बाटल्यांच्या) प्लॅस्टिकच्या कामावरून मला उमगलं. 2012 मध्ये जपानमधल्या ओसाका विद्यापीठाच्या गटाने पानं-फांद्यांच्या कंपोस्टमधल्या डीएनएतून एका क्युटिनेजचं (पानांवरचा मेणचट थर तोडणाऱ्या एन्झाइमचं) जनुक मिळवलं. ते कुठल्या जिवाणूचं, तो वाढवूनही पाहिलेला नव्हता. 2020 मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी त्याच एन्झाइमची सुधारित आवृत्ती केली आणि 72 अंशांवर 10 तासांत किमान 90 टक्के पीईटीचं विघटन करून दाखवलं. पीईटीच्या साखळ्या साधारण सत्तर अंशांच्या आसपास सैलावतात, तेव्हाच एन्झाइमला त्यांत शिरता येतं. म्हणजे तिथे तग धरणारं एन्झाइमच हवं, आणि ते सापडलं पालापाचोळ्याच्या ढिगात! आमच्या प्रेसमडकडे मी तेव्हापासून वेगळ्या नजरेने बघते.

एक काम मात्र पहिल्याच आठवड्यात उरका: ग्लिसरॉल स्टॉक (ग्लिसरॉलमध्ये मिसळून गोठवायचे जिवाणू) करून उणे 80 अंशांना ठेवा. फ्रिजमधल्या प्लेटेवर भरवसा ठेवून मी दोन उत्तम कल्चर गमावली. त्यांतलं एक सेल्युलेजचं सगळ्यात मोठं वलय देणारं होतं. पुन्हा त्याच ढिगाकडे गेले, तोवर तो थंड होऊन खत म्हणून शेतात गेलाही होता.