पेव्हरच्या अंगणात भाजी: गोव्यात या चुका टाळा

गोव्यात घर नवे झाले की अंगणाला पेव्हर बसतात. चिखल नको, शेवाळ नको, गाडी उभी करता यावी. पुढे कधीतरी बाजारात तांबड्या भाजीच्या जुडीचा भाव ऐकला की कुंड्या आणल्या जातात, मोबाइलवर व्हिडिओ बघितले जातात आणि पहिल्याच पावसाळ्यात निम्मी झाडे कुजतात. व्हिडिओ बहुधा पुण्या-नाशिकच्या गच्चीवरचे असतात. आपल्याकडे वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. त्या गच्चीवरचा सल्ला आपल्या अंगणात चालेलच असे नाही.

मेमध्ये ऊन बघून जागा ठरवणे

ही चूक सर्वांत महाग पडते, कारण ती सहा महिन्यांनी कळते. मेमध्ये सूर्य डोक्यावर असतो, अंगणभर ऊन दिसते आणि आपण कुंड्या कुठेही मांडतो. पण टोमॅटो, मुळा, कोथिंबीर यांचा खरा हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होतो. डिसेंबरात दुपारचा सूर्य दक्षिणेकडे कलतो आणि आपल्या भागात क्षितिजापासून फार तर ५१ अंश वर येतो. दक्षिणेला सहा फुटी कुंपणभिंत असेल, तर भर दुपारीही तिची सावली जवळजवळ पाच फूट आत येते. दहा फुटी अंगणाचा अर्धा भाग गेलाच म्हणायचा.

म्हणून हिवाळी भाज्या अंगणाच्या उत्तरेकडच्या कडेला ठेवा, तिथे दक्षिणेचे ऊन थेट पोचते. दक्षिणेच्या भिंतीच्या पायथ्याशी अळू, आले, हळद, पुदिना लावा. टोमॅटोचे झाड उंच वाढते, पाने हिरवीगार असतात, पण फळ धरत नाही, अशी तक्रार असेल तर खत वाढवण्याआधी ऊन किती तास मिळते ते मोजा. सहा तासांहून कमी असेल तर कुंडी हलवा. खत आणखी दिले तर पाने तेवढी वाढतील.

कुंडी फरशीवर टेकवणे

सपाट बुडाची कुंडी पेव्हरवर ठेवली की तळाची भोके बंद होतात. उन्हाळ्यात हे लक्षात येत नाही, पण जुलैत माती सतत तुडुंब राहते, मुळांना हवा मिळत नाही आणि झाड भर पाण्यात माना टाकते. बघणाऱ्याला वाटते पाणी कमी पडले. प्रत्येक कुंडीखाली चिऱ्याचे किंवा विटेचे तीन तुकडे ठेवा. ग्रोबॅगची, म्हणजे झाडे लावायच्या पिशवीची, भोके बारीक असतात. तळापासून इंचभर वर, बाजूला आणखी चार पाडा. खालच्या ताटल्या जूनमध्ये काढून ठेवा, नाहीतर डासांची आणि डेंग्यूची सोय आपणच करतो.

काणकोणच्या खोला मिरचीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ती डोंगरउतारावर पावसाळ्यात पिकते. उतारावर पाणी थांबत नाही, म्हणून एवढ्या पावसातही ती टिकते. कुंडीतल्या मिरचीलाही तसाच निचरा लागतो.

आणखी एक म्हणजे पागोळ्या. छपराच्या कडेखालच्या कुंडीत सगळ्या छपराचे पाणी कोसळते, माती उडते, मुळे उघडी पडतात. ती ओळ दोन फूट पुढे घ्या. माती वाहून अंगणाच्या मोरीत बसू नये म्हणून तोंडाला जाळी लावा आणि ती अधूनमधून साफ करा.

चिऱ्यांचा वाफा बांधणार असाल तर सेप्टिक टँक आणि पाण्याची टाकी अंगणाखाली नेमकी कुठे आहे ते आधी विचारून घ्या. चार बाय चार फुटांचा, फूटभर उंचीचा वाफा भिजला की अर्ध्या टनाहून जड होतो, चिऱ्यांचे वजन वेगळे. टाकीच्या स्लॅबवर तो नको. घराच्या भिंतीला चिकटवूनही नको, आत ओल येते. खालच्या थरात चिऱ्यांमध्ये बोटभर फटी सोडा.

नुसती जांभी माती भरणे

आवारातली तांबडी माती फुकट मिळते, पण एकटी ती कुंडीत विटेसारखी घट्ट बसते. शिवाय ती आम्ल असते. एक भाग माती, एक भाग कुजलेले शेणखत किंवा कंपोस्ट, एक भाग कोकोपीट (नारळाच्या सोडणाचा भुसा) असे मिश्रण करा. कोकोपीट दोन-तीन पाण्यांत धुवून घ्या, त्यात मीठ असते. पंधरा लिटरच्या कुंडीला मोठा चमचाभर शेतीचा चुना मातीतच मिसळा. अंड्याच्या टरफलांवर फार भिस्त ठेवू नका, ती विरघळायला फार वेळ लागतो. टोमॅटो बुडाशी काळा पडत असेल तर बहुतेक वेळा पाणी कधी कमी, कधी जास्त होत असते.

मासळी धुतलेले पाणी घालण्याची पद्धत घरोघरी आहे. माडाला ठीक, कुंडीत घातले तर मांजरे रात्रीत माती उकरून ठेवतात. खारवलेल्या मासळीचे तर मुळीच घालू नका.

जुलैत पाने पिवळी, मेमध्ये कडा करपलेल्या

पावसाने नत्र धुऊन नेले की खालची जुनी पाने आधी पिवळी पडतात. एकदम ओंजळभर खत घालू नका, तेही वाहून जाईल. दर पंधरवड्याला मूठभर पुरते.

मेची गोष्ट उलटी. पेव्हर तापतात, काळी ग्रोबॅग बाजूंनी तापते आणि मुळे होरपळतात. निम्मे ऊन अडवणारी, पन्नास टक्क्यांची शेडनेट किंवा माडाच्या चुडतांचे झाप, मातीवर सुक्या पानांचा थर आणि पाणी सकाळी लवकर. नळीतले पहिले गरम पाणी बाजूला सोडा. किनाऱ्यालगत राहत असाल आणि पानांच्या कडा तपकिरी होत असतील तर विहिरीचे पाणी चाखून बघा. उन्हाळ्यात ते मचूळ होते.

वेल येतो, फळ गळते

तवशी (काकडी), दोडका, दुधी बोटाएवढे होऊन पिवळे पडते, तेव्हा बहुधा परागीभवन झालेले नसते. चारी बाजूंनी भिंती असलेल्या अंगणात किडे कमी फिरकतात. नर फूल खुडून त्याचे पराग मादी फुलाला लावा. मादी फुलामागे चिमुकले फळ असते, ओळख सोपी आहे. वेळ मात्र सांभाळा. तवशी आणि भोपळ्याचे फूल सकाळी उमलते, दुधी आणि दोडक्याचे संध्याकाळी. सकाळी दुधीच्या कोमेजल्या फुलांशी खटपट करून काही होत नाही.

फळ अंगठ्याएवढे झाले की कागदी पिशवी बांधा, नाहीतर फळमाशी आत अंडी घालते. पावसाने कागद फाटला तर जुन्या सुती कपड्याची पिशवी चालते. चवथीच्या माटोळीला, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळभाज्यांच्या चौकटीला, घरची तवशी हवी असतील तर बी जूनअखेर पडायला हवे. ऑगस्टमध्ये लावून त्या दिवसापर्यंत काही येणार नाही.