समुद्र नसलेल्या जिल्ह्यात सागरी उपकरणांची प्रयोगशाळा कशी उभारावी

मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांपैकी एकालाही समुद्रकिनारा नाही, त्यामुळे इथल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत सागरी तंत्रज्ञानाचा विषय निघाला की तो कोकणाच्या खात्यावर टाकून मंडळी मोकळी होतात. देशाला त्सुनामीचा इशारा देणारे इन्कॉइस, म्हणजेच भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र, मात्र हैदराबादेत आहे, आणि समुद्र हैदराबादलाही नाही. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर २००७ मध्ये इशारा केंद्र याच संस्थेत सुरू झाले. समुद्र संशोधनाच्या राष्ट्रीय यंत्रणेत जहाजे आणि पाणबुड्या जितक्या लागतात, तितकीच उपकरणे बनवणारी, तपासणारी आणि त्यांची आकडेवारी वाचणारी माणसेही लागतात, आणि हे काम पठारावर बसूनही करता येते.

केंद्र सरकारने २०२१ मध्ये खोल समुद्र मोहिमेसाठी ४,०७७ कोटी रुपयांची तरतूद मंजूर केली. तिच्यातील ‘मत्स्य ६०००’ ही तीन माणसांना ६,००० मीटर खोल नेणारी पाणबुडी वर्तमानपत्रांतून गाजते, म्हणून अनेक महाविद्यालये पहिल्याच वर्षी पाण्याखालचा रोबो करायला घेतात. माझ्या मते हा क्रम उलटा आहे. आधी आकडेवारी वाचायला शिकावे, मग मोजमाप तपासायला शिकावे आणि उपकरण त्यानंतर बनवावे.

आकडेवारीची सुरुवात आर्गो प्रकल्पापासून करावी. जगभरच्या समुद्रांत या प्रकल्पाचे सुमारे ४,००० फ्लोट, म्हणजे आपोआप खाली-वर होणारी मोजमापाची तरंगती यंत्रे, फिरत असतात. प्रत्येक फ्लोट साधारण १,००० मीटर खोलीवर वाहत राहतो, दर दहा दिवसांनी २,००० मीटरपर्यंत उतरतो, तिथून वर येताना तापमान व क्षारता मोजतो आणि पृष्ठभागावर आल्यावर ती माहिती उपग्रहाकडे पाठवतो. ही सर्व माहिती मोफत मिळते आणि पायथॉन ही संगणकभाषा येणाऱ्या विद्यार्थ्याला ती आठवडाभरात उघडता येते. मात्र प्रत्येक आकड्यासोबत गुणवत्तेचा एक अंक असतो: १ म्हणजे चांगला, ४ म्हणजे वाईट. हा अंक न पाहता आलेख काढणाऱ्याला तो पुन्हा काढायला लावावा.

पहिला सराव म्हणून १५ अंश उत्तर अक्षांशाजवळचे दोन फ्लोट निवडावेत, एक अरबी समुद्रातला आणि एक बंगालच्या उपसागरातला, आणि दोन्हींच्या क्षारतेचे आलेख शेजारी शेजारी ठेवावेत. अरबी समुद्राच्या पृष्ठभागावरची क्षारता बहुधा ३६ च्या (म्हणजे एक किलो पाण्यात साधारण ३६ ग्रॅम क्षार) आसपास दिसेल, तर उपसागरातली तिच्यापेक्षा बरीच कमी, कारण अरबी समुद्रात बाष्पीभवन जास्त होते आणि उपसागरात पावसाबरोबर मोठमोठ्या नद्यांचे गोडे पाणी येते. पैठणच्या धरणातून सोडलेले गोदावरीचे पाणीही अखेर तिकडेच जाते, हे लक्षात आले की वर्ग जरा सावरून बसतो.

यानंतरचे काम कॅलिब्रेशनचे, म्हणजे उपकरणाचे मोजमाप खात्रीच्या प्रमाणाशी ताडून पाहण्याचे आहे, आणि खरा वेळ व पैसा तिथेच घालवावा. आर्गोच्या तापमानमापनात ०.००२ अंश सेल्सिअसची अचूकता अपेक्षित असते. तिथवर पोहोचणे महाविद्यालयाला अवघड आहे, पण ०.०५ अंशापर्यंत प्रामाणिकपणे पोहोचणे शक्य आहे. त्यासाठी स्थिर तापमानाची पाण्याची टाकी, ढवळणी आणि प्रमाणपत्र असलेला एक संदर्भ तापमापक घ्यावा. शून्य अंशाची खूण ऊर्ध्वपातित पाण्याच्या बर्फाचा चुरा आणि तेच पाणी यांच्या मिश्रणात तपासावी. रसवंतीवरचा बर्फ या कामाचा नाही, कारण पाण्यात क्षार असले की गोठणबिंदू खाली जातो. क्षारता थेट मोजली जात नाही, ती पाण्याच्या विद्युतवाहकतेवरून काढतात, आणि तापमान एका अंशाने बदलले तरी वाहकता सुमारे दोन टक्क्यांनी बदलते. म्हणूनच तापमानाचे काम पक्के झाल्याखेरीज क्षारतेला हात लावू नये. संदर्भ द्रावण प्रयोगशाळेतच करता येते: १९७८ च्या व्यावहारिक क्षारता मापनश्रेणीनुसार एक किलो द्रावणात ३२.४३५६ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड असेल, तर १५ अंश तापमानाला त्याची वाहकता ३५ क्षारतेच्या समुद्रजलाइतकी असते. वजनकाटा चांगला असेल तर रसायनशास्त्र विभाग हे एका दुपारी करून देतो. प्रत्येक तपासणीची तारीख, उपकरणाचा क्रमांक आणि आढळलेला फरक एका वहीत नोंदवावा. ही वही टाकीइतकीच महत्त्वाची आहे.

उपकरणाचे कवच बनवण्यासाठी वाळूजच्या औद्योगिक वसाहतीतले लेथ आणि सीएनसीचे (संगणकाने चालणाऱ्या कातयंत्रांचे) कारागीर पुरेसे आहेत. ओ-रिंगची, म्हणजे पाणी आत शिरू न देणाऱ्या रबरी कडीची खाच गुळगुळीत हवी आणि तिच्यावर आडवा ओरखडा नको, एवढे त्यांना आधीच सांगावे. दर दहा मीटर खोलीला साधारण एक वातावरण दाब वाढतो, म्हणून १०० मीटरसाठीचे कवच दीडपट, म्हणजे १५ बार (एक बार म्हणजे साधारण एक वातावरण) दाबावर तपासावे. ही चाचणी पाण्यानेच घ्यावी, हवेने कधीही घेऊ नये. दाबलेली हवा फुटली तर पत्र्याचे तुकडे उडतात, तर पाण्याच्या चाचणीत बहुधा गळतीच दिसते.

तरंगण्याची पहिली चाचणी पैठणच्या धरणाच्या नाथसागर जलाशयावर घेता येईल. जलाशय पक्षी अभयारण्यात असल्यामुळे जलसंपदा विभागाबरोबर वन विभागाचीही लेखी परवानगी घ्यावी आणि पाहुणे पक्षी असतात तो हिवाळा टाळावा. होडीत प्रत्येकाला जीवरक्षक जाकीट असावे. इथे एक हिशेब सहसा चुकतो. गोड्या पाण्याचा एक लिटर सुमारे १,००० ग्रॅमचा, तर समुद्राच्या पाण्याचा सुमारे १,०२५ ग्रॅमचा असतो, त्यामुळे पैठणला पाण्यात बरोबर तोललेला २० किलोचा फ्लोट समुद्रात बुडणारच नाही. त्याला जवळपास ५०० ग्रॅम जादा वजन लागेल. ते बसवण्याची जागा आराखड्यातच ठेवावी.

समुद्रातली चाचणी स्वतःच्या हिमतीवर करू नये. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे मुंबईत प्रादेशिक केंद्र आहे आणि चेन्नईची राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्था तर बोये (समुद्रात नांगरून ठेवलेली तरंगती मोजमाप-साधने) व खोल पाण्यातली उपकरणे बनवण्याचेच काम करते. यांपैकी एकीकडे तपासणीची वही जोडून प्रस्ताव पाठवावा. शिक्षकांनी तत्पूर्वी इन्कॉइसच्या आवारातील प्रशिक्षण केंद्राचा एखादा अल्पमुदतीचा वर्ग केलेला बरा. नांदेड, परभणी, जालन्याहून हैदराबादला थेट रेल्वे असल्याने अंतराची सबब चालणार नाही.

चाचणी पावसाळ्याबाहेर घ्यावी. पाण्याबाहेर काढलेले उपकरण त्याच तासात गोड्या पाण्याने धुवावे, स्क्रू आणि सांध्यांवरचा गंज पाहावा, आणि परत आल्यावर ते पुन्हा बर्फाच्या शून्यावर व पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणात तपासून जाण्यापूर्वीच्या नोंदीशेजारी नवा फरक लिहावा.